अक्ष आधी, वक्र नंतर

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त मागणी कशाला? चहाला, आणि त्याखालोखाल पूर्ण झालेल्या जर्नलला. एका जर्नलमधला ग्राफ पहाटेपर्यंत दहा जर्नलांत पोचतो. वक्र अगदी हुबेहूब! पण आडव्या अक्षावर काय आणि उभ्यावर काय, असं ओरलला विचारलं की दहाही जण एकमेकांकडे बघतात. माझं म्हणणं एवढंच, की मान आधी अक्षांना द्या, वक्राला नंतर.

नियम साधा आहे. जे आपण ठरवतो ते बहुधा एक्स अक्षावर, आणि त्यामुळे जे बदलतं ते वाय अक्षावर. म्हणजे ग्राफ हा एक प्रश्न असतो : हे एवढं केलं, तर ते किती होईल? अक्षांवर नाव आणि एकक नसेल तर प्रश्नच गायब. मग उत्तर कसलं?

माइल्ड स्टीलची टेन्साइल टेस्ट घ्या. एक्सवर स्ट्रेन, वायवर स्ट्रेस. सुरुवातीच्या सरळ रेषेचा चढ म्हणजे यंग्ज मॉड्युलस, सुमारे २०० गिगापास्कल. आता वायवर नुसता लोड आणि एक्सवर लांबीतली वाढ मांडा. सुरुवातीची रेषा तशीच सरळ, पण तिचा चढ आता सळईच्या जाडीवर आणि लांबीवर ठरणार. तो स्टीलचा गुणधर्म राहिला नाही, त्या एका सळईचा झाला. चित्र तेच, अर्थ वेगळा!

स्केलचंही तसंच. ९० आणि ९२ हे दोन आकडे स्तंभांनी दाखवायचे आणि वाय अक्ष ८९ पासून सुरू करायचा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो. खोटं काहीच लिहिलेलं नाही, तरी बघणारा फसतो.

कोणी म्हणेल, मार्क मिळाले की झालं, एवढं काय त्यात? त्यांच्यासाठी १९८६ ची गोष्ट. २७ जानेवारीच्या रात्री चॅलेंजर यान थंडीत उडवावं की नाही यावर चर्चा झाली. बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी रिंगा थंडीत दगा देतील, असं इंजिनिअर सांगत होते. पण ज्या उड्डाणांत बिघाड झाला होता तेवढीच बघितली, तर तापमानाशी संबंध स्पष्ट दिसत नव्हता. बिघाड न झालेली उड्डाणं, म्हणजे वायची किंमत शून्य असलेले बिंदू, विचारातच नव्हते. नंतर चौकशी आयोगाने सगळे बिंदू मांडले. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांत फक्त ३ वेळा बिघाड. ६३ किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत बिघाड. २८ तारखेला उड्डाणाच्या वेळी हवा होती ३६ अंशांच्या आसपास. सात जण गेले.

आपणही लॅबमध्ये 'काहीच झालं नाही' म्हणून शून्याचं रीडिंग सोडून देतो, रेषेबाहेरचा बिंदू खोडून टाकतो. सवय तीच आहे.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती : ओरलला वक्र हाताने झाका आणि फक्त अक्षांवर प्रश्न विचारा. आणि मित्रहो, जर्नलं फिरायची ती फिरतीलच. पण अक्षांची नावं, एककं आणि स्केल तेवढं स्वतःच्या रीडिंगवरून लिहा, आणि आलेला प्रत्येक बिंदू मांडा. मग वक्र कुणाचा बघायची गरजच उरणार नाही.