शंकरपटाचा हंगाम आणि शर्तींची शिस्त

कापसाची वेचणी उरकत आली, तुरी निघाल्या आणि खळी मोकळी झाली, की वऱ्हाडात शंकरपटाचे दिवस येतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर पंचक्रोशीबाहेरही विख्यात आहे. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीचे हे विदर्भातील भावंड. हलका छकडा, त्याला जुंपलेली एक जोडी, तिला हाकणारा धुरकरी आणि सेकंदांच्या हिशेबाने लागणारा निकाल, असा हा खेळ आहे. तो मध्यंतरी काही वर्षे कायद्याने बंद होता, याचा मात्र अनेकांना विसर पडू लागला आहे. चिंतेची बाब नेमकी तीच आहे.

केंद्र सरकारने २०११ च्या जुलैमध्ये अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी घातली. राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, परंतु ती न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. कायद्यातील तरतुदींचे काटेकोर पालन झालेच पाहिजे आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर राहील, असेही त्याच निकालात बजावण्यात आले. पटशौकिनांनी निकालाच्या पूर्वार्धाचे स्वागत गुलाल उधळून केले. उत्तरार्ध वाचण्याची तसदी किती जणांनी घेतली, हा प्रश्नच आहे.

शर्ती अवघड नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी करून घ्यावी, धाव एक हजार मीटरच्या आत ठेवावी. काठी, चाबूक वा विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये. उल्लंघन करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु जिल्हाधिकारी प्रत्येक पटावर उभे राहू शकत नाहीत, आणि पोलिसाच्या धाकाने खेळाला प्रतिष्ठा येत नसते. ती आयोजकांनी स्वतः निर्माण करावयाची असते.

या बाबतीत अमेरिकेतील मोटार शर्यतींचा इतिहास उद्बोधक आहे. रस्त्यावर धावणाऱ्या सामान्य मोटारींच्या शर्यती तेथेही प्रथम गावोगावी, मनमानी नियमांनी होत असत. त्यांचे नियमन करण्यासाठी १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिच्या राष्ट्रीय मालिकेतील पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे हा चालक पहिला आला. शर्यतीनंतरच्या तपासणीत त्याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगमध्ये फेरफार आढळला. संस्थेने त्याला बाद करून मागाहून आलेल्या जिम रोपरला विजयी घोषित केले. मोटारमालक न्यायालयात गेला आणि हरला. पहिल्याच दिवशी पहिल्याच विजेत्याला घरी पाठविण्याची हिंमत त्या संस्थेने दाखविली, म्हणून पुढे तिच्या हंगामी विजेतेपदाला मोल आले.

वऱ्हाडातील पट समित्यांनी हाच धडा गिरवावयास हवा. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील आयोजकांनी एकत्र बसून हंगामाचे एकच वेळापत्रक ठरवावे. आज एका गावी धावलेली जोडी उद्या दुसऱ्या गावी जुंपली जाणार नाही, याची हमी त्यातूनच मिळेल. नियमपुस्तिका एक असावी, बैलांची नोंद एका वहीत असावी, आणि प्रत्येक पटाचे गुण जोडून हंगामाअखेर मानाची जोडी ठरावी. ज्या जोडीच्या अंगावर पराणीच्या आरेची खूण दिसेल, ती पहिली आली तरी बाद व्हावी, मग तिचा मालक कितीही वजनदार असो. शिवाय नांगर-वखराला जुंपल्या जाणाऱ्या बैलांसाठी स्वतंत्र गट असावा. निव्वळ शर्यतीसाठी पोसलेल्या महागड्या जोड्यांपुढे दोन-चार एकरांचा शेतकरी आपल्याच खेळात केवळ प्रेक्षक उरतो; त्याला पुन्हा धुरेवर बसविण्याचा दुसरा मार्ग नाही.

मुक्या जनावराची संमती कोणी घेतली, हा प्राणिमित्रांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याला परंपरेची दुहाई हे उत्तर होऊ शकत नाही. बैलाच्या अंगावर वळ नसणे, हेच त्याचे उत्तर. ट्रॅक्टरने बैलाचे शेतातील काम हिरावून घेतले आहे आणि विदर्भाची चपळ म्हणून नावाजलेली गवळाऊ जात दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. अशा काळात उमदी जोडी दावणीला बांधण्यास शेतकऱ्याजवळ जी थोडी कारणे उरली आहेत, त्यांत पट हे एक आहे. न्यायालयाने दिलेली मुभा बेशिस्तीने गमावली, तर नुकसान केवळ शौकिनांचे होणार नाही. रिकाम्या होत चाललेल्या गोठ्यांचेही होईल. पोळ्याला ज्याची पूजा करावयाची, त्याला पटावर टोचावयाचे, ही विसंगती वऱ्हाडाने स्वतःहून संपविली पाहिजे.