पथक भाड्याने आणायचे की आपले उभे करायचे?

गेल्या पालक सभेत शाळेच्या गणपतीचा विषय निघाला तेव्हा दोन सूचना आल्या. विसर्जनाच्या मिरवणुकीला यंदा पुण्याहून ढोल-ताशा पथक बोलवावे, ही पहिली. तो खर्च झेपत नसेल तर गाडीवर साउंड सिस्टीम लावावी, ही दुसरी. दोन्ही सूचनांमागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. तरीही विश्वस्त मंडळाची बैठक होण्याआधी आमचे मत या पानावर मांडणे आम्हाला योग्य वाटते. शाळेने स्वतःचे पथक उभे करावे, असे आम्ही म्हणतो. त्यात विद्यार्थी असावेत, माजी विद्यार्थी असावेत, पालकही असावेत आणि कोणालाही मानधन नसावे.

ज्या पुणेरी पथकांची आपण एवढी वाहवा करतो, ती मुळात पुण्याची नव्हेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ढोल-लेझीम ही मावळ, मुळशी, वेल्हे या सह्याद्रीच्या डोंगराळ भागातल्या गावांची चीज आहे. तिथला शेतकरी भात पिकवतो. आषाढात भाताची लावणी उरकली की कापणीपर्यंत हाताला थोडी सवड मिळते आणि त्याच दिवसांत गणपती येतात. ढोल-ताशे बहुधा गावाचे, देवळात ठेवलेले. जत्रेला, पालखीला, सणाला ज्याच्या हातात ताल आहे तो ढोल कमरेला बांधतो. त्याचे पैसे कोणी मागत नाही, कोणी देतही नाही. हीच मंडळी विसर्जनाला पुण्यात येऊन वाजवू लागली आणि शहराने त्यांच्याकडून हा बाज उचलला. पुढे तो शाळांत गेला. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे नाव यात आधी घेतले जाते. रमणबाग व इतर शाळांची पथकेही पुणेकरांच्या ओळखीची आहेत. आज पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांतली मुले-मुली कचेरी सुटल्यावर मुठेच्या काठी दोन-दोन महिने सराव करतात. म्हणजे शहर मोठे झाले, पण वाजवणारा अजून स्वयंसेवकच राहिला. तोच भाग सोडून देऊन आपण नुसता आवाज विकत आणणार असू, तर मग साउंड सिस्टीमने तरी काय बिघडते?

ढोल बडवायला काय अक्कल लागते, असे एका पालकांनी हसत विचारले. त्यांनी एकदा ताशा हातात घेऊन पाहावा. ढोलाच्या एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थापी, एवढे काम दहा-पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. ताशाचे तसे नाही. दोन बारीक काड्यांनी अखंड, न अडखळता वाजवत राहायचे, ठेका कधी बदलायचा ते ठरवायचे आणि तो बदल पुढच्यापासून अगदी शेवटच्या ढोलकऱ्यापर्यंत आधी कळेल असा इशारा ताशातूनच द्यायचा. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हातात छडी घेतलेला जो मनुष्य उभा असतो, त्याचे काम इथे ताशेवाला करतो, आणि शिवाय वाजवतो. ढोलवाल्याने त्याच्यापुढे धावायचे नसते. शेजारच्यापेक्षा मोठा वाजवला म्हणून शाबासकी मिळत नाही, उलट चाल बिघडते. मग झांजा, टोल, लेझीम. लेझीमवाल्याला तर पाय, कंबर आणि हात तिन्ही त्याच मात्रेवर आणावे लागतात. वर्गात पहिला येणारा मुलगा इथे मागच्या रांगेत उभा राहून, गणितात काठावर पास होणाऱ्या ताशेवाल्याकडे डोळे लावून बसतो. शाळेतल्या आमच्या इतक्या वर्षांत अशी संधी देणारे विषय आम्ही फार थोडे पाहिले.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा नाजूक आहे. चामड्याची वाद्ये वाजवणे हे आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ठराविक जातींवर टाकले होते. वाजंत्री दाराबाहेर बसायचे, जेवणाच्या पंगतीत नव्हे. लग्नात त्यांच्या वाजवण्याशिवाय चालत नसे आणि त्यांच्या शेजारी बसणेही चालत नसे. शाळेच्या पथकात सगळ्या घरांतली मुले बकऱ्याच्या कातड्याचे पान हाताने ओढून चढवतात, दोरी आवळतात, तेव्हा यातले थोडे तरी धुतले जाते. परंपरेने हे काम करणाऱ्यांच्या पोटावर यामुळे पाय येतो, हा आक्षेपही आम्ही ऐकला आहे आणि तो खोटा नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी शिकवण्यासाठी अशाच एखाद्या जाणत्या वादकाला बोलवावे आणि त्याला मात्र पुरेसे मानधन द्यावे. वाजवणारे फुकट वाजवतील, शिकवणारा फुकट का शिकवेल?

आपण हैदराबादेत राहतो, हेही विसरून चालणार नाही. या शहराला तालवाद्य नवे नाही. बोनालूत डप्पू वाजतो. निजामाच्या फौजेत आफ्रिकन वंशाच्या स्वारांचे पथक होते. त्यांच्यावरून आजही एका वस्तीला एसी गार्ड्स म्हणतात. त्या लोकांचा मरफा इथल्या लग्नांत सर्वांना नाचवतो, मग लग्न कोणत्याही धर्माचे असो. आपल्या वर्गांत आता तेलुगू, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले पुष्कळ आहेत. मराठीच्या तासाला ती मागे पडतात, हे शिक्षक सांगतात. ज्याला ठेका कळतो त्याला मात्र ‘उचल’, ‘थांब’, ‘पुन्हा पहिल्यापासून’ हे मराठीत कळायला वेळ लागत नाही. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. भाषा कानाने आधी येते आणि पुस्तकाने नंतर, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको. मराठी टिकावी म्हणून आपण सभांमध्ये जी कळकळ व्यक्त करतो, तिच्यातली थोडी सरावाच्या मैदानावर खर्च करावी.

आवाजाची तक्रार खरी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. रात्री १० ते सकाळी ६ वाद्ये उघड्यावर वाजवायची नाहीत. आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र. शाळेने हे नियम शिकवायचे आणि शाळेनेच मोडायचे, हे होणे नाही. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्याच्या पथकांना प्रत्येकी ३० जणांची मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने त्या सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली. पुण्याचे पुणे पाहील. आपल्याला १० ढोल, ४ ताशे आणि बाकी लेझीम-झांजा, असे तीसेक जणांचे पथक पुरते. सराव वस्तीपासून दूरच्या मोकळ्या मैदानावर, संध्याकाळी एक तास, आठवड्यातून तीन दिवस, कानात कापसाचे बोळे नव्हे तर चांगले इअरप्लग घालून. एरवी ठेके पाठ करायला ढोल लागतच नाही. बाकावर टिपऱ्यांनी हळू वाजवून ते पक्के होतात.

अभ्यासाचे काय, हा प्रश्न दहावीच्या पालकांचा. दहावीच्या मुलांना पथकात घेऊ नये, असेच आमचे मत आहे. आठवी-नववीच्या मुलांबद्दल मात्र आम्हाला चिंता वाटत नाही. आठवड्याचे तीन तास टीव्ही आणि मोबाईल यांच्यातून सहज निघतात.

डोंगरातलेच एक उदाहरण देतो. दार्जिलिंगजवळ कालिम्पोंग येथे फादर एडवर्ड मॅकग्वायर या कॅनडाच्या पाद्रींनी १९९३ साली गांधी आश्रम शाळा काढली. मजुरांच्या, अगदी गरीब घरांतल्या मुलांसाठी. तिथे व्हायोलिन हा शिकण्याचा एक भाग आहे आणि मुलांचा स्वतःचा वाद्यवृंद आहे. दुसरे उदाहरण मैहरचे. १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग बनवला, म्हणजे साधनांचीही वाट पाहिली नाही. या मुलांना कोणी आधी विचारले नव्हते की तुमच्या घरात गाणे आहे का.

आपल्या शाळेत साधने अगदीच नाहीत असे नाही. भांडारात जुन्या लेझिमा आहेत, त्यांच्या साखळ्या गंजल्या आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी भंगारात काढायची यादी झाली तेव्हा त्या यादीतही होत्या. एका दुपारी घासून, तेल लावून त्यांतल्या बऱ्याच चालू होतील. ढोल-ताशे मात्र विकत घ्यावे लागतील. पुण्याचे पथक एका दिवसासाठी आणायचे तर प्रवास, राहणे, जेवण आणि मानधन धरावे लागते. त्याच रकमेत ढोल येतील आणि ते पुढच्या वर्षीही शाळेतच असतील. कोणाचे नाव कोरून वाद्य देणगी म्हणून स्वीकारायला आमची हरकत नाही, पण देणगीदाराच्या मुलाला पहिल्या रांगेत जागा, असा व्यवहार होणार नाही. मुलींनी फक्त लेझीम धरावी आणि ढोल मुलांनी, असाही नियम असणार नाही.

पालकांपैकी ज्यांचे मूळ गाव मावळ-मुळशीकडे आहे, किंवा ज्यांनी कधी गावी ताशा वाजवला आहे, त्यांनी बैठकीपूर्वी कार्यालयात नाव द्यावे. ढोलकरी पुष्कळ मिळतील, ताशेवाले मिळणार नाहीत. निदान एक तरी ताशेवाला हाती असल्याशिवाय हा प्रस्ताव विश्वस्तांपुढे नेण्यात अर्थ नाही.