मूल आत, पालक बाहेर

चंचल मुलासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. द्वाड, वांड, व्रात्य, उनाड, धांदरट, वेंधळा. पायाला भिंगरी लागलेला, एका जागी बूड न टेकणारा. सुटीत आजोळी आलेल्या नातवाच्या वाट्याला दिवसभरात यातली निम्मी विशेषणे येतात आणि त्यात बरेचसे कौतुकच असते. परंतु तेच शब्द शाळेच्या डायरीत, पालकसभेत किंवा जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याच्या तोंडून आले की त्यांचा आरोप होतो. हा आरोप मुलावर असतो आणि त्याहून अधिक त्याच्या आईवर.

यातली बहुतेक मुले नुसती खोडकर असतात आणि वयाबरोबर स्थिरावतात. काहींचे मात्र तसे नसते. लक्ष टिकवणे, मनात आलेले क्षणभर रोखून धरणे आणि हातपाय आवरणे या तिन्ही गोष्टी त्यांना वयाच्या मानाने फार जड जातात. या स्थितीला आज एडीएचडी म्हणतात. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा काढला तर शंभरात साधारण ५ मुले अशी निघतात. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात तीन. हे अमेरिकेतून आलेले नवे खूळ आहे, असे आमच्या वयाची मंडळी म्हणतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर १९०२ साली व्याख्याने दिली होती. पुढे नावे बदलत गेली, सध्याचे नाव १९८७ पासून रूढ झाले. पण मुले तीच होती.

अशा मुलाला घेऊन कोणाकडे जायचे, इथून गोंधळ सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. औषध द्यायचे की नाही, किती द्यायचे, भूक, झोप, वजन आणि उंची यांवर त्याचा काय परिणाम होतो हे पाहणे त्याचे किंवा बालरोगतज्ज्ञाचे काम. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. आपल्याकडे यावरून असा समज झाला आहे की मानसशास्त्रज्ञ म्हणजे थोडा कमी प्रतीचा डॉक्टर, किंवा गोड बोलून मुलाला समजावणारा एखादा काका. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

त्याचे पहिले काम म्हणजे घाई न करता पारख करणे. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, मेंदूच्या छायाचित्रावरूनही त्याचे निदान होत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत ९-९ लक्षणांच्या दोन याद्या आहेत. त्यातल्या एखाद्या यादीतली किमान ६ लक्षणे किमान ६ महिने दिसावी लागतात. तीही घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी, आणि त्यांतली काही १२ वर्षांच्या आत सुरू झालेली. म्हणून जाणता मानसशास्त्रज्ञ आईवडिलांकडून आणि बाईंकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतो, गर्भारपणापासूनचा इतिहास विचारतो, मुलाला खेळताना आणि लिहिताना पाहतो. ऐकू नीट येते का, दिसते नीट का, झोप पुरेशी आहे का, घरात भांडणे आहेत का, हेही तो तपासून घेतो. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता सोबत आहे का, हे पाहावेच लागते. कारण या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने येतात. बुद्धिमापनाची बिने कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. बिने-कामत या नावाने ती आजही वापरात आहे. तिच्यातून एडीएचडीचे निदान होत नाही. पण मूल ‘ढ’ नाही, एवढे कागदावर दिसले तरी कित्येक घरांत पहिल्यांदाच कोणी मोकळा श्वास घेते.

या पारखीत मुलींकडे विशेष पाहावे लागते. मुलगी बाकावर उड्या मारत नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहते, वह्या हरवते, बेरीज अर्ध्यावर सोडते. तिचा कोणालाच त्रास नसतो. म्हणून ‘गरीब आहे बिचारी, जरा विसराळू’ असे म्हणत तिची दहावी येते.

निदानानंतरचे काम मात्र बहुतेक घरांना ठाऊकच नसते. आपल्याकडची रीत अशी, की मुलाला आत पाठवायचे आणि आपण बाहेर बाकावर मोबाइल पाहत बसायचे. पाऊण तासाने मूल दुरुस्त होऊन बाहेर येईल, जसा घड्याळजीकडून काटा बसवून मिळतो. पण लहान मुलाशी आठवड्यातून एकदा बोलत बसल्याने त्याची मूळ लक्षणे हटतात, असे संशोधन सांगत नाही. त्याची अडचण चुकते तेव्हा असते, चुकते तिथे असते: सकाळी सव्वासहाला मोजे शोधताना, चौथ्या तासाला फळ्यावरचे उतरवून घेताना. त्या वेळी त्याच्याजवळ मानसशास्त्रज्ञ नसतो. आई असते, बाबा असतात, बाई असतात. म्हणून खरे शिक्षण त्यांचे करावे लागते.

अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत ४ ते ६ वयाच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून पालकांचे प्रशिक्षण सांगितले आहे. पुढच्या वयात औषध आणि वर्तनोपचार दोन्ही. या प्रशिक्षणात काय शिकवतात? सूचना एका वेळी एकच द्यावी, तीही स्वयंपाकघरातून ओरडून नव्हे, जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. दिवसाचा क्रम भिंतीवर चित्रांत लावावा. किरकोळ चुळबुळ न पाहिल्यासारखी करावी. चांगले वागणे मात्र त्याच क्षणी, नाव घेऊन सांगावे: ‘दप्तर जागेवर ठेवलेस, छान केलेस.’

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, म्हणून त्या भाषेत सांगतो. इतर मुलांना मुदत ठेव कळते: वर्षभर अभ्यास करा, मे महिन्यात सायकल मिळेल. या मुलाला एवढी लांबची मुदत पेलत नाही. त्याच्याशी व्यवहार रोखीचा हवा, रक्कम लहान हवी आणि नोंद त्याच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. मानसशास्त्रज्ञ जो ताऱ्यांचा तक्ता करून देतो, ते त्याचे पासबुक. पालक आठ दिवसांत तो तक्ता भरायचा विसरतात आणि ‘उपयोग झाला नाही’ म्हणतात. यातही एक गंमत आहे. एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, त्यामुळे विसरणाऱ्या बापालाही ती असण्याचा संभव असतो. अनुभवी मानसशास्त्रज्ञ हे ओळखून तक्ता सोपा करतो.

औषधाची भीती आणि औषधावरची भिस्त, दोन्हींवर उतारा म्हणून एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना काटेकोर देखरेखीखाली औषध, काहींना वर्तनोपचार, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना गावात मिळेल तो नेहमीचा उपचार. मूळ लक्षणांवर औषध नुसत्या वर्तनोपचाराहून सरस ठरले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र दोन्ही मिळालेल्या मुलांना औषध कमी मात्रेत पुरले, आणि आईवडिलांशी नाते, समवयस्कांशी जुळवून घेणे अशा बाबतींतही त्यांचा लाभ झाला. तीन वर्षांनंतर पाहिले तेव्हा गटागटांतला फरक मावळला होता. याचा अर्थ उपचार फुकट गेले असा नव्हे. एकदा टोचली आणि काम झाले, अशी ही लस नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेचे काय? ६० मुलांच्या वर्गातल्या बाईंवर आणखी ओझे टाकणे अन्यायाचे आहे. पण मुलाला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर बसवणे, मध्येच फळा पुसायला उठवणे, घरी जाताना एका कार्डावर दोन ओळींचा शेरा देणे, एवढे बहुतेक बाई आनंदाने करतात. कोणीतरी नीट समजावून सांगितले तर. हे सांगणारे पत्र किंवा फोन मानसशास्त्रज्ञाकडून गेला पाहिजे. आईने सांगितले की ती लाड करते असे ठरते.

अडचण आहे ती असा माणूस मिळण्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या दिली आहे आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्यांची नोंद असते. ती नोंद विचारण्यात संकोच नको. तालुक्याच्या गावी असा मानसशास्त्रज्ञ क्वचितच असतो, शहरात त्याची फी अनेकांना परवडत नाही, आणि या पोकळीत एकाग्रता वाढवणारे, मेंदू तल्लख करणारे वर्ग फोफावतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात आधी चौकशी करावी. पालकांचे प्रशिक्षण दहाबारा कुटुंबांना एकत्र बसवूनही देता येते. एखाद्या शाळेने शनिवारी दोन वर्ग उघडून दिले तर तेवढ्यावर पुष्कळ भागेल.

हे सारे करायचे ते प्रगतिपुस्तकातल्या आकड्यांसाठी नव्हे. दिवसभर ‘नको’, ‘थांब’, ‘पुन्हा तेच?’ ऐकणारे मूल दहाव्या वर्षापर्यंत स्वतःविषयी एक मत बनवून बसते, आणि ते मत चंचलपणाहून चिवट असते. पुढे चंचलपणा ओसरला तरी ते जात नाही. ‘मोठा झाला की सुधारेल, आम्ही नाही का सहा वाढवली,’ असे आम्ही आजी-आजोबा म्हणतो तेव्हा तेवढीच वर्षे निघून जातात, आणि सुनेच्या माथी दोष राहतो तो वेगळाच.

तेव्हा मूल आत गेले की दार लोटून बाहेर बसू नये. जो मानसशास्त्रज्ञ आईवडिलांना आत बोलावतो, तो आपले काम जाणतो असे समजावे. बोलावल्यावर दोघांनी जावे, फक्त आईने नव्हे. आणि आजोबांना बोलावणे आले, तर त्यांनीही चष्मा घेऊन जावे. तक्ता भरण्याचे काम त्यांना सहज जमण्याजोगे आहे.