धुऱ्यावरची वसाहत

पाटणबोरीच्या रस्त्याला एका शेताच्या धुऱ्यावरील बोरीवरची राखट, लोकरीसारखी जाळी या आठवड्यात चूड लावून जाळलेली पाहिली आणि ‘झाडाला कीड लागली होती’ ही कैफियत ऐकली, तेव्हा किडीपायी इतके सोसलेल्या केळापूर तालुक्याने किडीच्या वैऱ्याचाच उच्छेद करावा, याचा मनस्वी संताप आला.

ती वसाहत स्टेगोडायफस प्रजातीतील सरासिनोरम या कोळ्यांची; 1892 साली कार्श याने सारासिन या स्विस संशोधकांच्या गौरवार्थ हे नाव दिले. जेमतेम सेंटीमीटरभर देहाच्या या माद्या, कधी शेकड्यांनी, एका घरट्यात नांदतात आणि विंचरलेल्या सूक्ष्म तंतूंत गुरफटलेल्या, आपल्याहून कितीतरी मोठ्या कीटकावर एकजुटीने तुटून पडतात.

मला सर्वाधिक उद्बोधक वाटते ती याच प्रजातीतील एकाकी जातींशी होणारी तुलना. सुमारे वीस जातींपैकी कायम समूहाने राहणाऱ्या तीनच: ही आपली आणि आफ्रिकेतील ड्युमिकोला व मिमोसारम. इस्रायलच्या वाळवंटातही आढळणाऱ्या लिनिएटसची माता, आपल्या कोळ्याच्या मातेप्रमाणेच, पिल्लांना प्रथम स्वतःच्या पोटातील अन्न भरवते व अखेरीस आपला देहच त्यांच्या स्वाधीन करते. परंतु तिची पिल्ले पुढे पांगून स्वतंत्र बिऱ्हाडे करतात आणि नर परक्या जाळ्यांच्या शोधात हिंडतात. वसाहतीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या नातलगांतच मीलन होते, सर्वांचा वारसा जवळजवळ एकच होऊन बसतो, आणि म्हणूनच भरभराटलेली वसाहतही अल्पावधीत उजाड होऊ शकते.

एकसारखेपणाचा हाच धागा मला आपल्या कपाशीपर्यंत नेतो. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि देशी कापसाला हद्दपार करून मुलूखभर बोंडअळीला मारणाऱ्या एकाच गुणाचा पेरा झाला. गुलाबी बोंडअळीने तो गुणही पचविला, आणि 2017 च्या कीटकनाशक फवारणीत विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. एकसारखेपणाची जी किंमत कोळ्याची वसाहत मोजते तीच आपल्या कपाशीने मोजली, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा सहायक कृषी अधिकाऱ्यांनी बोंडअळीच्या सूचनांबरोबरच धुऱ्यावरची जाळी जाळू नयेत व फवारा त्यांवर जाऊ देऊ नये, अशी ताकीद या हंगामातच गावोगाव द्यावी, आणि धुऱ्यालगत निदान चार तासे देशी कापसाची पेरून घ्यावीत.