विहिरीचा गाळ काढणं: पाप की पुण्य?



उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा या आपल्या भाईंदरच्या गावठाणांतल्या जुन्या विहिरींचा विषय निघाला की मंडळात कुणीतरी म्हणतंच, "गाळ काढायचा म्हणजे बेडूक, मासे, शेवाळ, किती जीव जाणार! श्रमदान त्यांना करू दे, आपण लांबच बरं." घोडबंदरच्या आणि धारावीच्या किल्ल्यावर तरुण मुलं रविवार मोडून झाडोरा काढतात, त्यांचं आपण कौतुक करतो. विहीर म्हटलं की मात्र आपले पाय मागे.

मला हे पटत नाही. गृहस्थाला सुटते ती संकल्पी हिंसा. आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, म्हणून तर आपण चूल पेटवतो, घर झाडतो. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या काचेच्या देवांच्या तसबिरी टाकून पाणी सडलं की आतले जीव मरतातच. आपण हात लावलेला नसतो, एवढाच फरक!

आणि विहिरीवाचून आपलाच एक आचार लंगडा झालाय. दुहेरी कापडानं पाणी गाळायचं, कापड उलटं करून वरून गाळलेलं पाणी ओतायचं, ती जिवाणी कडीच्या बादलीतून हळूच खाली सोडायची आणि पाण्याला टेकली की बादली उलटायची. तीही ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत, कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगेलच असं नाही. आता आपल्या नळाला पाणी येतं ते शहाड-टेमघरहून, म्हणजे उल्हास नदीचं. त्याची जिवाणी कुठे सोडणार? सिंकमध्ये? महाराजांचा विहार इकडे झाला की चौक्यासाठी विहिरीचं पाणी शोधत आपण गाव पालथं घालतो. तेव्हा बरी विहीर आठवते.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरला गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. ती कचऱ्यानं भरली होती, गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली. रोहन काळे यांच्या बारव मोहिमेमुळे राज्यात अशा कितीतरी बारवांवर महाशिवरात्रीला दिवे लागतात. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधली. बाईनं बांधलेली विहीर बायकांनी राखायला काय हरकत आहे?

पण जायचं तर आपलं म्हणणं घेऊन जावं. काम वैशाख-ज्येष्ठात, पाणी कमी असताना व्हावं, चातुर्मासात नको. पंप लावून तळ कोरडा करू नये, थोडं पाणी ठेवावं. मासे, कासवं त्याच पाण्याच्या टबात काढून सावलीत ठेवावीत. उपसलेला गाळ लगेच ट्रकमध्ये न भरता दिवसभर काठाशी राहू द्यावा. त्यातले बेडूक आपापले बाहेर येतात. ब्लीचिंग पावडरची पिशवी सरळ आत रिकामी करण्याची घाई कुणाला करू देऊ नये. कठड्याच्या भेगेतला पिंपळ काढावा की नाही यावर वाद होतील. मी म्हणते, रोप असतानाच मुळासकट काढून दुसरीकडे लावावं, कारण पुढे तोच दगड फोडतो.

आणि ते सुशोभीकरण! चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, भलामोठा नामफलक. पावसाचं पाणी मुरणार कुठून? भोवताली माती, एक पार, पाय न घसरणारी वाट आणि वर जाळी एवढं पुरे. जाळीला एक झडप मात्र हवी, नाहीतर बादली जाणार कशी? समुद्राकाठच्या विहिरीतून टँकर भरू देऊ नये हेही ठरवून घ्यावं. उपसा फार झाला की खारं पाणी आत शिरतं, मग ती कुणाच्याच कामाची नाही.

फावडी-घमेली दुर्गप्रेमी मुलांकडे असतात. आपण टब, जाड सुती कापड आणि माळ्यावर पडलेल्या कडीच्या बादल्या न्याव्यात.