युद्धातही सुरू राहिलेले सभागृह



‘संकटात टिकलेल्या संस्था’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरला, तेव्हा आमच्यासमोर पहिले उदाहरण आले ते १८६१ ते १८६५ या यादवीच्या काळातल्या अमेरिकेच्या सिनेटचे. त्या युद्धाचा इतिहास राष्ट्राध्यक्ष लिंकन, सेनापती ग्रँट व ली आणि गेटिसबर्गच्या रणांगणाभोवती सांगितला जातो. पण त्याच चार वर्षांत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये सभासदांची हजेरी घेतली जात होती, अर्ज दाखल होत होते, विधेयके समित्यांकडे जात होती आणि उपसूचनांवर मते मोजली जात होती. देश वाचवण्यात या कामाचा वाटा सैन्याइतकाच मोठा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

२१ जानेवारी १८६१ रोजी मिसिसिपीचे जेफर्सन डेव्हिस यांच्यासह दक्षिणेच्या पाच सिनेटरांनी सभागृहाचा निरोप घेतला. पुढे दक्षिणेची अकरा राज्ये संघराज्यातून फुटली आणि त्यांच्या बावीस जागांपैकी टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन यांची तेवढी भरलेली राहिली. एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण राजधानीच्या रक्षणासाठी आली, तेव्हा तिचा मुक्काम सिनेटच्या दालनातच पडला. तळघरात पावाच्या भट्ट्या लागल्या. काही संतापलेले सैनिक, आता बंडखोरांचे नेते झालेल्या डेव्हिस यांचे मेज संगिनींनी फोडू लागले. आयझॅक बॅसेट नावाच्या द्वारपालाने त्यांना थांबवले. हे मेज डेव्हिसचे नाही, सरकारचे आहे आणि तुम्ही इथे सरकारी मालमत्ता राखायला आला आहात, असे त्याने त्यांना बजावले. ते मेज दुरुस्त झाले आणि आजही सिनेटमध्ये वापरात आहे. माणूस बंडखोर ठरला तरी त्याची जागा लोकांची असते, हे त्या कर्मचाऱ्याला नेमके कळले होते.

फुटून गेलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्नही सभागृहाने मतदानाने सोडवला. ११ जुलै १८६१ रोजी दहा सिनेटरांना काढून टाकण्याचा ठराव ३२ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाला. दोष राज्यांचा आहे, व्यक्तींचा नाही, त्यामुळे नावे नुसती कमी करावीत, असे म्हणणारे सभासदही होते आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. या दहांमध्ये आर्कान्सॉचे विल्यम सेबॅस्टियन होते. ते बंडात सामील नव्हते असे पुढे दिसून आले, तेव्हा १८७७ मध्ये सिनेटने त्यांच्यापुरता तो ठराव मागे घेतला आणि त्यांच्या वारसांना थकलेले मानधन दिले. सेबॅस्टियन तेव्हा हयात नव्हते. पण निर्णय कागदोपत्री, कारणांसह झालेला असल्यामुळेच सोळा वर्षांनी तो तपासता आला आणि दुरुस्तही करता आला.

जागा रिकाम्या झाल्यावर गणपूर्तीचा, म्हणजे कामकाजासाठी लागणाऱ्या बहुमताच्या हजेरीचा, पेच उभा राहिला. बहुमत सर्व राज्यांच्या जागांवरून मोजायचे की प्रत्यक्ष निवडून आलेल्या सभासदांवरून? हा वाद अनेक महिने चालला आणि १८६४ मध्ये सिनेटने निवडून आलेल्यांवरून मोजायचे असे ठरवले. लढाई सुरू असताना असल्या प्रश्नावर वेळ घालवावा का, असे कुणाला वाटेल. घालवलाच पाहिजे. ज्या कायद्यासाठी माणसे मरत होती, तो कायदा वैध आहे की नाही हे याच मोजणीवर ठरत होते.

आणि ते कायदे केवढे होते! १८६२ च्या मे ते जुलै या तीन महिन्यांत शेतीखाते स्थापन झाले. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर देणारा होमस्टेड कायदा झाला, पॅसिफिक रेल्वेला मंजुरी मिळाली. मॉरिल कायद्याने काँग्रेसमधल्या प्रत्येक सभासदामागे ३०,००० एकर या हिशेबाने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघाली. याच मॉरिल विधेयकावर १८५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरला होता. दक्षिणेचे सभासद गेल्यामुळे विरोध ओसरला हे खरे. पण तयार मसुदे, समित्यांची चिकाटी आणि बेंजामिन वेड यांच्यासारखे पाठपुरावा करणारे सिनेटर नसते, तर रिकाम्या खुर्च्यांनी काहीच घडवले नसते.

गुलामगिरीच्या प्रश्नावरही सभागृह पायरीपायरीने चढत गेले. एप्रिल १८६२ च्या कायद्याने राजधानीतले तीन हजारांवर गुलाम मुक्त झाले, पण भरपाई मिळाली ती मालकांना. ९ फेब्रुवारी १८६४ रोजी दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी अर्जांचे दोन प्रचंड गठ्ठे सिनेटमध्ये आणून सिनेटर चार्ल्स समनर यांच्या मेजावर ठेवले. गुलामगिरी समूळ नष्ट करा, या मागणीखाली एक लाख सह्या होत्या. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांच्या संघटनेने त्या जमवल्या होत्या. या स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता, अर्ज करण्याचा होता, आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला. सिनेटर लायमन ट्रंबल यांच्या न्यायविषयक समितीने घटनादुरुस्तीचा मसुदा शब्द तोलून तयार केला आणि ८ एप्रिल रोजी सिनेटने तो ३८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. जूनमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांना समान पगार देणारा कायदा झाला. तोवर गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर मिळत असताना त्यांच्या हातात सातच पडत होते.

या सभागृहाचे गोडवे गाताना त्याचा अन्यायही सांगितला पाहिजे. शेतकऱ्यांना, रेल्वेला आणि महाविद्यालयांना वाटलेल्या जमिनी मुळात तिथल्या आदिवासी जमातींच्या होत्या. त्यांचा आवाज त्या दालनात नव्हता. ज्यांचा आवाज सभागृहात पोहोचत नाही, त्यांच्या वाट्याला कायद्याचे चटकेच येतात.

या सगळ्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली तसा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच पेढ्या बुडाल्या. दुसरे नाते अधिक मोलाचे आहे. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी दूरच्या त्या लढ्यात आपल्या शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची आशा पाहिली. तिसरे नाते शेतीशिक्षणाचे. मॉरिल कायद्यातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांपैकी वॉशिंग्टन राज्यातल्या एका महाविद्यालयात वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकले. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडची कृषी विद्यापीठे त्याच नमुन्यावर उभारली गेली आणि राहुरीच्या विद्यापीठाला नाव मिळाले ते महात्मा फुले यांचेच.

महाराष्ट्रालाही सिनेटसारखे वरिष्ठ सभागृह, म्हणजे विधान परिषद, आहे. वरिष्ठ सभागृहाने घाईला लगाम घालावा, मसुदा पुन्हा वाचावा, ही तिच्याकडून अपेक्षा आहे. गोंधळात चर्चेविना विधेयक मंजूर होते, तेव्हा संकटाची सबब पुढे केली जाते. ती आम्हाला मान्य नाही. दाराशी युद्ध असताना एक सभागृह उपसूचनेवर मते मोजू शकले, तर शांततेच्या काळात आपल्या सभागृहांना चर्चा टाळण्याचे कोणतेच कारण उरत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. येत्या अधिवेशनात तुमच्या रोजच्या जगण्याशी संबंधित एखादे विधेयक निवडा, त्याचा मसुदा मिळवून वाचा आणि तुमच्या आमदारांना त्याबद्दल पत्र लिहा. मत देण्याचा हक्क पाच वर्षांतून एकदा वापरायचा असतो, अर्ज करण्याचा रोज.



— संपादक