दोषींना उमेदवारी द्याल, तर आमचे मत विसरा

महाराष्ट्रातल्या प्रत्येक राजकीय पक्षाच्या अध्यक्षाला, जिल्हाध्यक्षाला आणि तिकीटवाटपाच्या बैठकीत बसणाऱ्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. खून, खंडणी, भ्रष्टाचार, फसवणूक किंवा स्त्रियांवरील अत्याचार यांपैकी कशातही न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला यापुढे उमेदवारी दिलीत, तर आम्ही मतदार तुमच्या चिन्हाला मत देणार नाही. अपिलात स्थगिती मिळाली आहे, ही सबब ऐकणार नाही. त्याची जागा राखायला त्याच्याच घरातले कोणी उभे केलेत, तरी उत्तर हेच राहील.

कायदा पाळतो, असे तुम्ही सांगाल. कायदा आम्हीही वाचला आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवू शकत नाही. काही गुन्ह्यांत तर नुसत्या दंडानेही अपात्रता येते. पण याच कलमात तुमच्या सोयीची एक पळवाट अनेक वर्षे होती. विद्यमान आमदार-खासदाराने तीन महिन्यांत अपील केले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याचे पद शाबूत. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात ही पळवाट बंद केली. त्यावर तेव्हाच्या केंद्र सरकारने काय केले? दोषींना वाचवणारा वटहुकूम मंजूर केला. देशभर संताप उसळला, तेव्हा कुठे तो मागे घेतला. लोक चिडले म्हणून तो थांबला, हे लक्षात ठेवा.

आता तुमचा भरवसा स्थगितीवर आहे. अपिलात नुसती शिक्षा थांबली तर अपात्रता जात नाही. वरच्या न्यायालयाने दोषसिद्धीच स्थगित केली, तर मात्र माणूस पुन्हा पात्र ठरतो. हा अधिकार न्यायालयाचा आहे आणि तो असलाच पाहिजे. चुकीचे निकाल लागतात, सूडाने खटले भरले जातात, हे आम्हाला कळते. पण स्थगिती म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ज्याच्यावरचा ठपका अजून पुसला गेलेला नाही, त्याला मिरवणुकीने अर्ज भरायला नेण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केली आहे?

दोषी ठरल्यावर पद जाण्यातही माणूस बघून घड्याळ चालते. बदनामीच्या खटल्यात सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी राहुल गांधींना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँक घोटाळ्यात सुनील केदारांना पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन दिवसांत त्यांची आमदारकी रद्द झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सदनिका प्रकरणात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांच्या बाबतीत वरच्या न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत विधिमंडळाने अपात्रतेची अधिसूचना काढली नाही आणि तेव्हा ते मंत्रिमंडळातही राहिले. माणसे तीन होती. कायदा एकच होता. सत्तेच्या कोणत्या बाजूला बसता त्यावर तो लवकर किंवा उशिरा लागू होणार असेल, तर त्याला कायदा म्हणायला आम्ही तयार नाही.

आणि खटल्यांना लागलेली वर्षे पाहा. कोकाटे प्रकरण १९९५ चे, निकाल २०२५ चा. नागपूर बँकेचा घोटाळा २००२ मध्ये उघडकीस आला, निकाल २०२३ मध्ये लागला. शेतकऱ्यांच्या ठेवींची ती बँक. मधल्या काळात केदार पुन्हा पुन्हा आमदार झाले, मंत्रीही झाले. एखाद्या ठेवीदाराचे अर्धे आयुष्य या वाट पाहण्यात गेले असेल. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दिला. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कैद आणि १०० कोटींचा दंड झाला. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना मिळायची ती घरे होती. असे निकाल दशकांनी लागतात आणि लागल्यावर तुम्ही अपिलाकडे बोट दाखवता. अपील संपेपर्यंत आणखी दोन निवडणुका उरकतात.

घरातल्या माणसाबद्दल आम्ही विचार न करता बोलत नाही. पत्नी, मुलगा, सून ही स्वतंत्र माणसे आहेत. नवऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा बायकोला देणे अन्याय आहे. तिने स्वतः वर्षानुवर्षे काम केले असेल, तिची स्वतःची ओळख असेल, तर तिला आमचा आक्षेप नाही. पण निकाल लागल्यावरच जिचे नाव पहिल्यांदा पुढे येते आणि जिच्या पोस्टरवर तिच्यापेक्षा नवऱ्याचा चेहरा मोठा असतो, तिला तुम्ही तिच्यासाठी तिकीट देत नाही. २०१३ मध्ये उल्हासनगरचे माजी आमदार पप्पू कलानी यांना खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी उल्हासनगरमधून आमदार झाल्या. २०२४ मध्ये सावनेरला केदारांच्या पत्नीला उमेदवारी मिळाली, तेव्हा मतदारांनी नाकारले. उल्हासनगरवर विसंबून राहू नका.

कायद्याची भोके मोजत बसण्याची आम्हाला हौस नाही, पण दोन सांगितलीच पाहिजेत. गोव्यात मिकी पाशेको यांना वीज खात्याच्या अभियंत्याला थप्पड मारल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. मंत्रिपद गेले, पण शिक्षा दोन वर्षांहून कमी म्हणून आमदारकी राहिली. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग भ्रष्टाचारात एक वर्ष तुरुंगवास भोगून आले, २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि निवडणूक आयोगाने कलम ११ वापरून त्यांची सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली. उलट पोलीस भरतीला उतरलेल्या तरुणाची चारित्र्य पडताळणी होते आणि जुनी नोंद निघाली की त्याची नेमणूक अडते. सरकारी नोकर फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरला, तर घटनेच्या कलम ३११ प्रमाणे त्याला खातेनिहाय चौकशीशिवाय बडतर्फ करता येते. त्या शिपायावर हुकूम चालवणारा मंत्री मात्र दोषी चालतो, हे आम्हाला मान्य नाही.

टिळकही तुरुंगात गेले होते, हे वाक्य प्रचारसभेत पुन्हा ऐकू येऊ देऊ नका. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती 'केसरी'तल्या लेखांसाठी. बँक बुडवणाऱ्याने ते नाव उच्चारू नये. आंदोलनात जमावबंदी मोडली, रस्ता रोखला, त्यासाठी शिक्षा भोगली, अशा कार्यकर्त्याला आम्ही रोखत नाही. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणूनही कोणाला बाद ठरवत नाही, कारण गुन्हा दाखल करणे पोलिसांच्या आणि सरकारच्या हातात असते. आम्ही बोलतो आहोत ते न्यायाधीशाने पुरावा तपासून दिलेल्या निकालाबद्दल.

म्हणून आमची मुदत ऐका. येत्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही अशा उमेदवाराला अर्ज मागे घ्यायला लावा. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र सार्वजनिक असते. ते आम्ही वाचू, त्यातल्या दोषसिद्धीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते गल्लीत, चावडीवर, महिला बचत गटांच्या बैठकांत मोठ्याने वाचून दाखवू. मुदत संपली आणि तुम्ही ऐकले नाहीत, तर मत दुसऱ्या स्वच्छ उमेदवाराला जाईल. तसा कोणीच नसेल, तर नोटाचे बटण आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये महापालिका आणि नगरपालिकांच्या निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मते पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायचा आदेश काढला आहे, हे तुम्ही विसरला असाल. आम्ही विसरलेलो नाही.

मतदार बंधू-भगिनींनो, उमेदवार दारात येईल तेव्हा एकच प्रश्न विचारा: न्यायालयाने तुम्हाला कधी दोषी ठरवले आहे का? उत्तर मिळाल्याशिवाय मताचा शब्द देऊ नका.